ओळखा पाहू : एका नटाच्या चरित्राचा पाठ



कोडी सोडविणे हा खेड्यातील मुलांना नव्याने शिकवावा लागणारा विषय नव्हे. शाळेच्या पटावर नाव चढण्यापूर्वीच त्यांनी आजीजवळ निजताना कितीतरी उखाणे-हुमाणे ऐकलेले असतात. गुरे राखावयास गेलेली दोन पोरे झाडाखाली बसली की एकमेकांस कोडे घालतात, आणि ज्याला ते सुटत नाही तो रात्री जेवतानाही त्याचाच विचार करीत असतो. तेच मूल चरित्राच्या पाठाला मात्र दहा मिनिटांत खिडकीबाहेर पाहू लागते. याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. चरित्राच्या पाठात उत्तर आधी सांगितले जाते आणि प्रश्न मागाहून येतात. फळ्यावर प्रथम नाव, त्याखाली जन्माचे साल, त्याखाली गाव, त्याखाली कार्य. नाव कळले की मुलाच्या दृष्टीने शोध संपला; उरले ते पाठांतर.

हा क्रम उलटा करावा, खुणा आधी द्याव्या आणि नाव शेवटी यावे, एवढेच आजच्या विषयाचे सूत्र आहे. सूत्र सोपे आहे. परंतु कोणती खूण कोणत्या जागी ठेवावी आणि कोणती मुळीच ठेवू नये, यात शिक्षकाचा कस लागतो.

उदाहरणासाठी येथे एका सिनेनटाचे चरित्र घेतले आहे. थोर पुरुषांची चरित्रे असता नटाचे कशाला, असा आक्षेप काही वडीलधारी मंडळी घेतील. त्याचे उत्तर असे की, ज्यांच्या तसबिरी वर्गाच्या भिंतीवरच टांगलेल्या आहेत त्यांचे कोडे होत नाही. ‘शिवनेरी’ एवढा शब्द उच्चारताच पहिलीचे मूलही उत्तर देते. ओळखण्याच्या खेळाला असा मनुष्य हवा की ज्याचा चेहरा सर्वांच्या परिचयाचा आहे, पण जीवन कोणाच्याच परिचयाचे नाही. प्रसिद्ध नट हा नेमका असा मनुष्य असतो. त्याची चाल, त्याचा वेष मुलांना पाठ असतो; त्या वेषाच्या आत शिरण्यापूर्वी तो कोण होता, हे मुलांनाच काय, मोठ्यांनाही ठाऊक नसते.

येथे जमलेल्या मंडळींनी आता आपण चौथीच्या वर्गात बसलो आहोत असे मानावे. नटाचे नाव यथाकाल येईल. ज्याला ते आधी सुचेल त्याने ते मोठ्याने न बोलता कागदाच्या कोपऱ्यावर लिहावे, आणि कितव्या खुणेपाशी सुचले तो आकडाही शेजारी मांडावा. हाच नियम वर्गातही पाळावा. एरवी पुढच्या बाकावरचा चुणचुणीत मुलगा दुसऱ्याच खुणेला ओरडतो आणि उरलेल्या तीस मुलांचा खेळ बुडतो.

पहिली खूण. या नटाचे आईवडील दोघेही रंगभूमीवर गाणारे होते.

ही खूण मुद्दाम सैल ठेवलेली आहे. तिच्यात शेकडो माणसे मावतात. कोणी राज कपूरचे नाव घेईल, कारण पृथ्वीराजांची नाटक मंडळी आपल्याकडे सर्वश्रुत होती. येथे ‘चूक’ असा शब्द शिक्षकाने उच्चारू नये. ‘वडील नट होते हे बरोबर, पण खुणेत आईही आहे. तिचे काय?’ असे विचारावे. मुलाने अर्धी खूण वापरली आणि अर्धी सांडली, हे त्याचे त्यालाच दिसते. अंदाज चुकणे आणि खूण नीट न ऐकणे हे दोन निराळे दोष आहेत. पहिल्याबद्दल मुलास बोलू नये. दुसरा त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा.

दुसरी खूण. त्याची जन्मतारीख १६ एप्रिल १८८९ अशी सर्वत्र सांगितली जाते, जन्मस्थान लंडन असे तो स्वतः मानीत असे. पण सरकारी जन्मनोंदीत त्याची नोंद सापडलेली नाही.

लंडनचे नाव येताच हिंदी नट गळून पडतात, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. परंतु या खुणेचा खरा उपयोग निराळा आहे. इतक्या मोठ्या माणसाच्या जन्माचा कागद नाही, याचे मुलांना नवल वाटेल. त्यांना आपल्याच शाळेच्या जनरल रजिस्टराची जुनी पाने दाखवावी. पालकांना जन्मदिवस सांगता आला नाही म्हणून ज्यांची तारीख १ जून अशी लिहिली गेली, त्यांची रांग तेथे सापडेल. त्यात कोणाचा आजा असेल, कोणाची आत्या असेल. आजोबांचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे त्या दिवशी घरी विचारले जाईल, आणि नोंद म्हणजे काय, ती कोण करते, ती न झाल्यास काय अडते, हा नागरिकशास्त्राचा पाठ आयताच होऊन जाईल.

तिसरी खूण. तो पाच वर्षांचा असताना प्रथम रंगमंचावर उभा राहिला, आणि तेही ठरवून नव्हे.

ही हकीगत त्याने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. ऑल्डरशॉट या लष्करी ठाण्याच्या गावी त्याच्या आईचे गाणे चालू होते. गाता गाता तिचा आवाज फुटला. प्रेक्षक बहुतेक शिपाईगडी. त्यांनी हुल्लड मांडली. आई आत आली. व्यवस्थापकाने पडद्यामागे उभ्या असलेल्या या लहानग्याला हात धरून पुढे नेले. मुलगा गाऊ लागला. लोकांनी कौतुकाने नाणी फेकली, तेव्हा त्याने गाणे मध्येच थांबवून जाहीर केले की, आधी पैसे गोळा करतो, मग गातो. लोक हसले. व्यवस्थापक रुमाल घेऊन नाणी वेचण्यास मदत करू लागला, तेव्हा तो पैसे स्वतःच ठेवून घेईल या भीतीने मुलगा त्याच्या मागोमाग गेला, आणि ते पैसे आईच्या हाती पडल्याखेरीज पुन्हा गावयास आला नाही. लोक आणखीच हसले.

ही गोष्ट ऐकून वर्गही हसेल, हसू द्यावे. हसणे ओसरल्यावर एकच प्रश्न करावा : त्या रात्रीनंतर आईच्या गाण्याचे काय झाले असेल? उत्तराची घाई नको. ती आईची शेवटची हजेरी होती, असे मुलाने पुढे लिहून ठेवले आहे.

चौथ्या खुणेपाशी हा पाठ अवघड होतो. हा नट सात वर्षांचा असताना आई आणि थोरल्या भावासह लंडनच्या लँबेथ भागातील वर्कहाउसमध्ये दाखल झाला. वर्कहाउस म्हणजे ज्यांना पोटाला काही नाही अशांना ठेवण्याची सार्वजनिक खर्चाने चालणारी जागा. तेथे अन्न व निवारा मिळे. पण घरची माणसे एकत्र राहू शकत नसत. आई स्त्रियांच्या विभागात गेली, मुले निराळी झाली. काही दिवसांनी दोघा भावांना शहराबाहेरच्या हॅन्वेल येथील निर्धन मुलांच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथे गजकर्णाची साथ आली, तेव्हा याचे डोके भादरून त्यास आयोडीन फासले गेले. पुढे आईच्या मनावर आजाराने घाला घातला व तिला वेड्यांच्या इस्पितळात न्यावे लागले. वडील उत्तम गायक, पण दारूच्या पूर्ण आहारी गेलेले. ते १९०१ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच वारले.

आता शिक्षकाने आपल्या वर्गाकडे पाहावे. तेथे कोणत्या घरातून कोण आलेले आहे, हे गावात त्याच्याइतके दुसऱ्या कोणास माहीत नसते. एखाद्या मुलाचा बाप रोज संध्याकाळी कोठे पडलेला असतो हे सबंध वर्गाला ठाऊक असते. एखाद्या मुलीच्या आईला देवर्ष्याकडे नेतात की इस्पितळात, याची कुजबुज पाणवठ्यावर झालेली असते. अशा वर्गात ‘ज्याची आई वेडी होती असा नट ओळखा’ ही खूण टाकणे म्हणजे वीस-तीस डोळे एका मुलाकडे वळविणे होय. कोड्याच्या नादात हे सहज घडते, कारण ठळक खूण हाताशी असली की ती वापरण्याचा मोह सुटत नाही. म्हणून असा दंडक घालून घ्यावा की, रोग, व्यंग, वर्ण, जात आणि आईबापांचे दोष यांवर ओळखण्याची खूण कधीही बांधू नये. ललिता पवार यांचे चरित्र सांगताना त्यांच्या डोळ्याची खूण प्रथम सुचते. तीसुद्धा टाळावी आणि रामायणातील मंथरेच्या भूमिकेपासून किंवा मूकपटांच्या काळातील कामापासून आरंभ करावा.

मग या नटाच्या बालपणातील हा काळ गाळावा काय? तसेही करू नये. तो गाळला तर चरित्र खोटे होते, आणि ज्या मुलाला त्याची गरज आहे त्याच्यापासूनच ते लपविले जाते. उपाय असा की, तो भाग खूण म्हणून न देता गोष्ट म्हणून द्यावा. आत्मचरित्रात त्यासाठी एक सुंदर प्रसंग आहे.

मुले हॅन्वेलहून वर्कहाउसमध्ये परत आली होती. आईला मुलांना भेटावयाचे होते. तिने एक युक्ती काढली. आपण तिघेही येथून कायमचे जातो, असे तिने सांगितले. नियमाप्रमाणे त्यांचे जुने कपडे परत मिळाले. ते चुरगळलेले होते. तिघे फाटकाबाहेर पडली. जावयास घर नव्हते, म्हणून ती केनिंग्टनच्या बागेत गेली. थोरल्या भावाजवळ नऊ पेन्स होते. त्यातून काळ्या चेरी विकत घेऊन बाकावर बसून खाल्ल्या. भावाने वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला सुतळी गुंडाळली आणि त्या चेंडूने तिघे झेलाझेली खेळली. दुपारी उरलेल्या पैशांत एक गोड पाव, एक खारवलेला मासा आणि चहाचे दोन पेले घेतले. मग पुन्हा बागेत खेळून, आई विणीत बसली असता मुले बागडून, दिवस उतरण्याच्या आत ती तिघेही वर्कहाउसच्या दारात परत आली व पुन्हा दाखल झाली. अधिकारी चिडले, कारण सारे कपडे पुन्हा वाफेत घालून निर्जंतुक करणे, सारी नोंद पुन्हा करणे आले. मुलांना मात्र त्यामुळे हॅन्वेलला परतण्यापूर्वी आईजवळच्या आवारात आणखी थोडा काळ काढता आला.

या गोष्टीने कोडे तसूभरही सुटत नाही. असा दिवस कोणाच्याही आयुष्यात येऊ शकतो. तरीही ती मध्यभागी ठेवावी. येथवर मुले नाव शोधीत असतात. या गोष्टीनंतर ती त्या मुलाचे पुढे काय झाले याची वाट पाहू लागतात. वर्गात ज्याला हे सारे जवळचे आहे, तो काहीच बोलणार नाही. त्याला प्रश्न विचारू नये. त्याला नाव सर्वांबरोबर, शेवटी कळेल.

पाचवी खूण शिक्षकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. चौदाच्या सुमारास त्याला नाटकात काम मिळाले.  भूमिकेची वही हाती आली तेव्हा त्याच्या पोटात धस्स झाले. तेथल्या तेथे वाचून दाखव असे कोणी म्हणाले असते तर त्याची फजिती झाली असती, कारण त्याला धड वाचता येत नव्हते. घरी थोरला भाऊ वाक्ये वाचून दाखवी आणि हा ती पाठ करी. तीन दिवसांत त्याची सारी भाषणे पाठ झाली. त्याच मुलाने पुढे आपल्या चित्रपटांच्या कथा स्वतः रचल्या व पाचशे पानांच्या घरात जाणारे आत्मचरित्र स्वहस्ते सिद्ध केले. चौथीत येऊनही ज्यांचे वाचन अडखळते अशी मुले प्रत्येक शाळेत आहेत, आणि त्यांच्या घरी पाचवी-सातवीतील बहीण किंवा भाऊ असतो. त्या भावंडाला शाळेत बोलावून रोज पंधरा मिनिटे वाचून दाखविण्याचे काम सांगितले, तर ही खूण वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.

सहावी खूण. तो व्हायोलिन डाव्या हाताने वाजवी, आणि त्यासाठी त्याने वाद्याच्या तारा उलट्या क्रमाने बसवून घेतल्या होत्या. डावखुऱ्या मुलाच्या हातातील लेखणी काढून उजव्या हातात कोंबणारे शिक्षक आता विरळा झाले असले तरी नाहीसे झालेले नाहीत. त्यांच्यासाठी या खुणेवर अधिक भाष्य नको.

सातव्या खुणेत गणित आहे. जुन्या समवाय पद्धतीची ज्यांना आवड असेल त्यांनी ती अवश्य घ्यावी. इंग्लंडातील कार्नो यांच्या विनोदी मंडळीबरोबर तो १९१० साली व पुन्हा १९१२ साली अमेरिकेत गेला. १९१३ साली तेथील एका चित्रपटसंस्थेने त्याला आठवड्यास १५० डॉलर देऊ केले. १९१६ सालच्या करारात दुसऱ्या संस्थेने आठवड्यास १०,००० डॉलर आणि वर एकरकमी १,५०,००० डॉलर मान्य केले. वर्षाचे ५२ आठवडे धरून त्याची त्या वर्षाची मिळकत काढा. उत्तर ६,७०,००० डॉलर येते. पंचविशी नुकतीच उलटलेल्या, कधीकाळी नाणी वेचणाऱ्या मुलाची ही कमाई होती. त्या काळच्या मूकपटांना भाषा नव्हती, म्हणून ते लंडनच्या मजुराला जसे कळत तसेच मुंबईच्या मजुरालाही कळत, हे त्या आकड्यामागचे एक मोठे कारण आहे.

आठवी खूण. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी लंडनला गेले असता, पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतील एका लहानशा घरात या नटाने त्यांची भेट घेतली. गांधीजींनी त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. बाहेर दोघांनाही पाहण्यासाठी गर्दी लोटली होती. यंत्रांना आपला विरोध का, असे नटाने विचारले. आणि यंत्रांमुळे भारत इंग्लंडवर अवलंबून राहिला, म्हणून कापडासारख्या गोष्टींत स्वावलंबी होणे हे देशाचे कर्तव्य ठरते, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. नंतर सायंप्रार्थना झाली. ती या पाहुण्याने बसून पाहिली. पाच वर्षांनी, १९३६ साली, या नटाचा एक चित्रपट आला. त्यात कारखान्यात दिवसभर पेच आवळणाऱ्या मजुराचे हात काम थांबल्यावरही पेच आवळीतच राहतात, आणि मजुराचा जेवणाचा वेळ वाचावा म्हणून यंत्र त्याला भरविते. त्या भेटीचा हा परिणाम म्हणावा काय, हे निश्चित सांगता येणार नाही. वरच्या वर्गातील मुलांना त्यावर बोलू द्यावे.

या खुणेपाशी येथील बऱ्याच जणांनी कोपऱ्यात नाव लिहिले असेल. काहींनी ते आणखी आधी लिहिले असेल. राहिलेल्यांसाठी नववी खूण. या नटाच्या जन्मानंतर चारच दिवसांनी ऑस्ट्रियात एक मूल जन्मले. पुढे दोघांच्याही ओठावर जवळजवळ सारखीच मिशी जगाने पाहिली. नटाची मिशी रंगपटातली होती, दुसऱ्याची खरी. त्या दुसऱ्या माणसाने जर्मनीची सत्ता बळकावून जगाला महायुद्धात लोटले, आणि या नटाने १९४० साली, युद्ध पेटलेले असताना, त्याचे सोंग काढून एक बोलपट केला. त्यात तो हुकूमशहाही झाला आणि त्याच्यासारखाच दिसणारा गरीब यहुदी न्हावीही झाला.

दहावी खूण सर्वांत सोपी; म्हणून ती शेवटी. घट्ट कोट, ढगळ विजार, मोठाले बूट, लहानशी टोपी, हातात वेताची छडी. हा वेष त्याने १९१४ च्या आरंभी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, निवडला. प्रत्येक वस्तू दुसरीशी विसंगत असावी असा त्याचा विचार होता. आपण वयाने थोर दिसावे, पण चेहऱ्यावरचे भाव झाकले जाऊ नयेत, एवढ्यासाठी मिशी आखूड ठेवली. चार्ली चॅप्लिन.

ज्यांनी शेवटच्या खुणेला ओळखले त्यांना शून्य गुण आणि पहिलीला ओळखणाऱ्यास दहा, अशी मांडणी करू नये. पहिल्या खुणेला ओळखणे ही बहुधा थाप असते. त्यापेक्षा प्रत्येकाने ‘कोणत्या खुणेने कोणाला वगळले’ हे सांगावे. ‘लंडनमुळे राज कपूर गेला’ असे ज्या मुलाने सांगितले त्याने विचार केला. ‘मला वाटलेच होते’ असे म्हणणाऱ्याने केला असेल किंवा नसेल. हल्ली बहुतेकांच्या घरी मोबाइल असतो आणि त्यावर खूण टाकताच नाव निघते. त्यामुळे नावाला मोल राहिलेले नाही. ‘कशावरून?’ या प्रश्नाला मात्र ते अजून आहे.

खुणा निवडताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. प्रसिद्ध माणसांभोवती खोट्या गोष्टींचे तण फार माजते. चॅप्लिनची नक्कल करण्याची स्पर्धा भरली, तीत स्वतः चॅप्लिन वेष पालटून गेला आणि त्याचा तिसरा क्रमांक आला, ही कथा वर्तमानपत्रांतून व भाषणांतून वारंवार येते. कथा गमतीची आहे, पण तिला भक्कम आधार नाही. क्रमांकही कोणी तिसरा सांगतो, कोणी विसावा. अशी कथा वर्गात सांगावयाचीच तर ‘असे सांगतात’ म्हणून सांगावी. खूण म्हणून ती कधीही देऊ नये. ऑल्डरशॉटचा आणि बागेतला प्रसंगसुद्धा चॅप्लिनने स्वतःच्या आठवणीतून लिहिलेला आहे, हे मुलांना कळले पाहिजे. सरकारी दप्तरात आढळणारी गोष्ट, माणसाने स्वतः सांगितलेली गोष्ट आणि लोक सांगतात ती गोष्ट, या तिन्हींतील भेद चौथीच्या मुलाला समजतो. तो रोज गावात तिन्ही प्रकार ऐकत असतो.

आपल्याकडील एक लहान कोडे जाता जाता सांगावेसे आहे, कारण ते दोनच खुणांत संपते आणि तास संपण्यास पाच मिनिटे उरली असता उपयोगी पडते. मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणारा हा तरुण १९१३ सालच्या चित्रपटात तारामती झाला. १९१७ सालच्या दुसऱ्या चित्रपटात तोच राम झाला आणि तोच सीताही झाला. दादासाहेब फाळक्यांना स्त्रीभूमिकेसाठी स्त्रिया मिळेनात, म्हणून हे घडले. नाव अण्णा साळुंके. रामाच्या भूमिकेत व सीतेच्या भूमिकेत एकच मनुष्य, मग दोघे समोरासमोर कसे उभे राहिले असतील, असे मुले विचारतील. त्यासाठी शिक्षकाने कॅमेऱ्याविषयी थोडे वाचून जावे.

द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसवून हा पाठ चाळीस मिनिटांत होतो. खुणा फळ्यावर लिहिण्यापेक्षा जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून एकेका मुलाला वाचावयास द्याव्या. म्हणजे वाचनही होते. पुढच्या आठवड्यात मुलांनीच गावातील एखाद्या माणसाच्या पाच खुणा लिहून आणाव्या. गावचा पोस्टमन, दाई, आठवडेबाजारात कल्हई लावणारा, कोणीही चालेल. वर दिलेला दंडक तेथे अधिकच कडक पाळला पाहिजे, हे सांगावयास नको. शाळेत पडदा व यंत्र असेल तर पाठानंतर चॅप्लिनचा १९२१ सालचा ‘द किड’ हा मूकपट दाखवावा. त्यात टाकून दिलेल्या एका मुलाला हा भणंग वाढवितो. अधिकारी त्या मुलाला अनाथालयात नेण्यासाठी गाडीत घालतात, आणि भणंग कौलांवरून धावत जाऊन त्याला सोडवून आणतो. लँबेथच्या फाटकाची गोष्ट ज्या वर्गाने ऐकली आहे, त्याला तो प्रसंग कोणी समजावून देण्याची गरज पडत नाही.

पाठ संपल्यावर मुले प्रश्न विचारतील. तो किती चित्रपटांत होता, किती श्रीमंत झाला, असे दोनचार प्रश्न येतील. अमेरिकेने १९५२ साली त्याचा परतीचा परवाना का रद्द केला, आणि मग वीस वर्षांनी, १९७२ साली, त्याच देशाने त्याला सन्मानाने का बोलाविले, असे सातवीतील एखादा विचारील. तेव्हा त्या काळी अमेरिकेत साम्यवाद्यांविषयी पसरलेल्या संशयाची माहिती द्यावी. तो १९५३ पासून स्वित्झर्लंडमध्ये राहिला व २५ डिसेंबर १९७७ रोजी तेथेच वारला, हेही सांगावे. परंतु एक प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी, वर्ग सुटताना, एखादे मूल टेबलापाशी येऊन हळूच विचारील, आणि त्याचे उत्तर शिक्षकापाशी तयार असलेच पाहिजे. त्याच्या आईचे पुढे काय झाले?

१९२१ साली दोघा भावांनी तिला इंग्लंडहून अमेरिकेत आणले. कॅलिफोर्नियात तिच्यासाठी घर घेतले, सोबतीला माणसे व परिचारिका ठेवली. आजार पुरता गेला नाही. काही दिवस ती अगदी पूर्वीसारखी असे, काही दिवस नसे. १९२८ साली ती वारली, तोपर्यंत ती मुलांच्या जवळच होती.